फियाट ११०० डी : पहिली जुनी गाडी म्हणून कशी आहे?

१९७० सालची फियाट ११०० डी ही माझी पहिली जुनी गाडी. सेलू येथील एका दिवंगत डॉक्टरांच्या कुटुंबाकडून मी ती १ लाख ३५ हजार रुपयांना विकत घेतली, त्याला आता दोन वर्षे होत आली. त्यांपैकी चौदा महिने ती गॅरेजमध्येच होती आणि तेवढ्या काळात तिच्यावर आणखी ३ लाख ४० हजार रुपये खर्च झाले. परभणीसारख्या गावात राहून असा उद्योग करू पाहणाऱ्याला उपयोग व्हावा, म्हणून गाडीचे आणि तिच्या दुरुस्तीचे हे परीक्षण लिहीत आहे.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९६४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी तयार केली. पुढे १९७४ मध्ये तिचेच नाव प्रीमियर पद्मिनी झाले. त्याआधीच्या गोलसर बांध्याच्या ११०० ला आपल्याकडे ‘दुक्कर फियाट’ म्हणत, आणि ती घ्यावी असा मोह मलाही झाला होता. परंतु डी आणि पद्मिनी यांची यंत्रसामग्री बऱ्याच अंशी सारखी असल्यामुळे सुटे भाग तुलनेने सहज मिळतात, हा विचार अखेर वरचढ ठरला. नवख्या माणसाने रूपापेक्षा सुट्या भागांकडे पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरेदी करताना मात्र मी चूक केलीच. इंजिन चालू होते का, धूर किती येतो, आवाज कसा आहे, एवढेच मी तपासत बसलो. वास्तविक १०८९ सीसीचे हे चार सिलिंडरचे इंजिन इतके साधे आहे की सिलिंडर बोअर करून (आतून कातून) नवे पिस्टन घालणे, हेड उघडून व्हॉल्व्ह घासणे ही कामे जिल्ह्याच्या ठिकाणचा कोणताही जुना मिस्त्री आणि लेथवाला मिळून करू शकतात. खरा पैसा आणि खरा वेळ खातो तो पत्रा. मराठवाड्याची कोरडी हवा या बाबतीत उपकारक आहे, कारण समुद्राकाठच्या गाड्यांचा तळ जसा खाऊन जातो तसा इकडच्या गाड्यांचा सहसा जात नाही. तरीही बॅटरीखालचा पत्रा, दारांच्या खालच्या कडा आणि डिक्कीतली स्टेपनीची जागा गंजतेच.

पहिल्या गॅरेजचे नाव येथे देत नाही. त्यांनी सत्तर हजार रुपये आगाऊ घेतले, पाच महिने गाडी उघड्यावर ठेवली आणि शेवटी असा चकचकीत रंग मारून दिली की मी पेढे वाटले. दीड महिन्यात डाव्या दाराखाली रंगाला फोड आले. दुसऱ्या गॅरेजमधल्या वयस्कर मिस्त्रींनी काहीही न बोलता खिशातून रुमालात गुंडाळलेला लोहचुंबक काढला आणि दारावरून सावकाश फिरवत खाली आणला. वरच्या भागात तो घट्ट चिकटत होता, पण कडेपासून चार बोटांवर येताच सुटून त्यांच्या हातात पडला. “सर, हा पत्रा नाही, नुसती लांबी हाय,” ते म्हणाले. लांबी म्हणजे रंगाआधी खळगे भरण्याचा लगदा. गंजलेला भाग कापून नवा तुकडा जोडण्याऐवजी पहिल्यांनी भोकावर जाळी ठेवून वर लांबी थापली होती. ती खरवडून काढली तेव्हा खाली घमेलेभर ढलप्या पडल्या. सत्तर हजारांतला एकही रुपया परत मिळाला नाही.

दुसऱ्या गॅरेजच्या कामाबद्दल मी समाधानी आहे. त्यांनी गाडी पार उघडी करून गंज काढला, कापलेल्या प्रत्येक भागाचा फोटो मला पाठवला आणि रंगाआधी प्रायमरवर गाडी पाहायला बोलावले. वेळेच्या बाबतीत मात्र त्यांच्या शब्दावर विसंबू नये. ‘पोळ्यापर्यंत’ म्हणून सांगितलेली गाडी मला पाडव्याला मिळाली. यातला काही दोष सुट्या भागांचाही होता. मुंबईतली शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेरीस रस्त्यावरून उतरली, आणि रोज धावणाऱ्या टॅक्सींमुळे टिकून असलेली मागणी तिच्याबरोबर संपली. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या दुकानांत मी दोनदा जाऊन आलो. किंगपिनचा (पुढची चाके ज्यांवर वळतात त्या खिळींचा) संच आणि ब्रेकचे सिलिंडर मिळाले, टेललाइटच्या काचा मात्र चौथ्या दुकानात, तेही धुळीच्या खोक्यातून. मागचा बंपर गोणपाटात गुंडाळून देवगिरी एक्सप्रेसने आणला, तेव्हा तो नांगराचा भाग आहे काय, असे एका सहप्रवाशाने गंभीरपणे विचारले.

कागदपत्रांच्या बाबतीत घाई करू नये. मूळ मालक हयात नसल्यामुळे आधी फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करावी लागली आणि त्यानंतरच ती माझ्या नावावर आली. इतर वारसांची संमतिपत्रे जमवण्यातच अडीच महिने गेले. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार, पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंद करता येते, तिचा जुना क्रमांकही कायम राहतो. परंतु अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, देखभाल अशा मोजक्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते, म्हणून मी साधी नोंदणीच नूतनीकृत करून घेतली. आपल्याकडे अनेक फियाटमध्ये मागाहून डिझेल इंजिन बसवलेले आढळते. अशी गाडी मूळ स्वरूपातली धरली जाणार नाही, तेव्हा आरसी पुस्तकातला इंजिन क्रमांक प्रत्यक्ष इंजिनावर जुळवून पाहिल्याशिवाय विसार देऊ नये.

चालवण्याचा अनुभव वेगळाच आहे. गिअरचा दांडा स्टिअरिंगला असल्यामुळे पहिले आठ दिवस डावा हात खाली मोकळ्या जागेत चाचपडत होता. चारही चाकांना ड्रम ब्रेक असल्याने पुढच्या वाहनापासून बरेच अंतर राखावे लागते. बॅटरी चार्ज करायला अल्टरनेटरऐवजी, इंजिन संथ असताना कमी वीज देणारा डायनामो असल्यामुळे रात्री सिग्नलला थांबले की दिवे मंद होतात आणि चार्जिंगचा लाल दिवा लुकलुकू लागतो. तो बिघाड नव्हे, हे कळेपर्यंत मी दोनदा बॅटरीवाल्याकडे गेलो होतो. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुनी रबरी नळी चार महिन्यांत मऊ पडून पाझरू लागली. आता नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणारे बसवले आहेत. मे महिन्यात जिंतूर रस्त्यावर दुपारी गाडी अचानक बंद पडली, कारण उन्हाने आणि इंजिनाच्या तापाने पंपातच पेट्रोलची वाफ झाली होती. मिस्त्रींनी फोनवर सांगितल्याप्रमाणे पाण्याच्या बाटलीतून रुमाल भिजवून पंपावर गुंडाळला आणि बाभळीखाली वीस मिनिटे थांबलो. नंतर ती एका सेल्फमध्ये चालू झाली. तेव्हापासून डिक्कीत पाण्याची पाच लिटरची कॅन आणि एक जुना पंचा कायम असतो, आणि उन्हाळ्यात सकाळी दहानंतर मी गाडी बाहेर काढत नाही.