बॉल पायथनसाठी घरी बांधलेली 4×2×2 फुटांची पेटी: तेरा महिन्यांच्या वापरानंतर

मागच्या वर्षी दसऱ्याला प्लायची शीट घरी आली, दिवाळीच्या आधी पेटी उभी राहिली आणि तुळशीच्या लग्नाच्या सुमारास गुंडी तिच्यात राहायला गेली. त्याला आता तेरा महिने झाले. एक हिवाळा, एक उन्हाळा, एक पावसाळा पार पडला आणि दुसरी थंडी सुरू आहे. पहिल्या महिन्यातच अनुभव लिहायला घेतला होता, पण थांबले ते बरं झालं. तेव्हा लिहिलं असतं तर पेटी उत्तम झाली असंच लिहिलं असतं.

गुंडी ही बॉल पायथन, म्हणजे अजगराच्या कुळातला एक परदेशी साप. जरा बिचकली की डोकं आत घेऊन घट्ट गुंडाळी करते, म्हणून हे नाव. मूळची पश्चिम आफ्रिकेतली जात. तिकडे हे साप उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत दडून राहतात. एक परिचित परदेशी गेले, त्यांच्याकडून ती कागदपत्रांसह माझ्याकडे आली. तेव्हा वर्षाची होती, लांबी अडीच फूट, आणि प्लास्टिकच्या टबमध्ये राहत होती.

पेटीकडे वळण्याआधी एक गोष्ट सांगायलाच हवी. नाग, धामण, अजगर असे आपल्याकडचे साप घरात ठेवणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, मग तुम्ही कितीही प्रेमाने ठेवा. बॉल पायथन परदेशी असली तरी त्याच कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत येते. 2024 च्या नियमांप्रमाणे असा प्राणी ताब्यात आल्यापासून 30 दिवसांत केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, आणि प्राणी दुसऱ्याला दिला किंवा दगावला तर तेही कळवावं लागतं. हे काम आधी करा, सुतार नंतर बोलवा.

माप ठरवणं सोपं गेलं. पूर्ण वाढीच्या बॉल पायथनला चार फूट लांब, दोन फूट खोल, दोन फूट उंच जागा हवी असं धरून चालले. हा हिशोब 8×4 च्या एका शीटमध्ये नेमका बसतो. शीटचे 4×2 चे चार तुकडे करायचे. तीन तुकडे वर, खाली आणि मागे. चौथा मधोमध कापला की दोन बाजू. समोर काच. कागदावर हे जुळलं तेव्हा फार आनंद झाला होता. पण काचेखाली माती अडवायला एक पट्टी लागते आणि वर चॅनल धरायला दुसरी. या दोन्ही पट्ट्या मी आराखड्यात धरल्याच नव्हत्या. मिस्त्री काकांनी त्यांच्याकडच्या तुकड्यांतून त्या काढून दिल्या, म्हणून निभावलं.

प्लाय 18 मिलिमीटरचा, आयएस 710 म्हणजे मरीन ग्रेडचा घेतला. दुकानदार आयएस 303 चा स्वस्त माल दाखवत होता. तो कपाटाला चालतो, पण पेटीत कायम ओलसर हवा असते. एमडीएफचा, म्हणजे लाकडी भुसा दाबून केलेल्या बोर्डाचा, तर विचारही करू नका. पाण्याचं भांडं एकदा सांडलं की तो पावासारखा फुगतो. आतून पाण्यावर चालणाऱ्या पीयू पॉलिशचे तीन हात दिले, सांध्यांत मत्स्यालयासाठीचं सिलिकॉन भरलं आणि पेटी तीन आठवडे उघडी ठेवली. सिलिकॉन सुकताना व्हिनेगरसारखा वास येतो. तो नाकाला जाणवतोय तोवर साप आत सोडायचा नाही. बाथरूमसाठी बुरशीनाशक घातलेलं सिलिकॉन मिळतं, ते घ्यायचं नाही.

आता खरा मुद्दा. मी जे आराखडे पाहून शिकले ते सगळे थंड देशांतले. त्यांना एकच काळजी, ऊब बाहेर कशी जाऊ नये. मीही तीच उचलली. जाड प्लाय, मागच्या बाजूला वर एका ओळीत सहा बारीक भोकं, बाकी सगळं बंद. जानेवारीत निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येत होत्या आणि आमच्या नाशिकच्या इंदिरानगरमधल्या फ्लॅटमध्ये पहाटे खोलीचं तापमान 17 पर्यंत उतरत होतं. तेव्हा ही पेटी खरोखर उत्तम चालली. बल्बसारख्या बसणाऱ्या पण उजेड न देणाऱ्या 100 वॉटच्या सिरॅमिक हीटरवर गरम बाजू 32 अंश, थंड बाजू 25 अंश. विजेला महिन्याला 35 ते 40 युनिट जास्त लागले, तेही थंडीपुरते.

एप्रिल आला आणि सगळं उलटलं. पेटी माझ्या खोलीत पश्चिमेच्या भिंतीला लागून होती, कारण तेवढीच भिंत मोकळी होती. दुपारी चारला ती भिंत हाताला चटका देते. हीटर पूर्ण बंद, तापमान बघून तो चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट शून्यावर, तरी थंड बाजूला 33 अंश. म्हणजे थंड बाजू उरलीच नाही. थर्मोस्टॅट हीटर बंद करतो, पेटी गार करत नाही, हे तेव्हा नीट कळलं. गुंडी दोन दिवस पाण्याच्या भांड्यात अंग मुडपून बसली होती. नाकपुड्या तेवढ्या वर, बाकी सगळी पाण्यात. ते बघून मला रात्री झोप लागली नाही.

त्या रविवारी मी आणि दादाने पेटी उचलून हॉलच्या आतल्या भिंतीला, जमिनीपासून फूटभर उंचीवर आणली. त्या भिंतीला ऊन लागत नाही. तेवढ्याने चार अंशांचा फरक पडला. मग मिस्त्री काकांना पुन्हा बोलावलं. समोरच्या पट्टीत थंड बाजूला खाली तीन भोकं आणि विरुद्ध टोकाच्या भिंतीत वर तीन भोकं पाडली, दीड इंची, त्यावर फर्निचरला लावतात त्या स्टीलच्या गोल जाळ्या. गरम हवा वरून निघून जाते, खालून गार हवा आत येते. आधीची सहा भोकं एकाच उंचीवर असल्यामुळे हवा फिरतच नव्हती. थंडीत वरच्या दोन जाळ्या बुचाने बंद करते, फाल्गुनात उघडेन. थंड बाजूला अर्धा कापलेला माठ पालथा घातला आहे आणि उन्हाळ्यात त्यावर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडते. बाहेर 38 असताना माठाखाली 28 भरायचं. मे महिना तिने जवळजवळ पूर्ण तिथेच काढला.

म्हणून कोणी विचारलं तर माझं पहिलं सांगणं हेच असतं, की पेटी घरात कुठे ठेवायची ते ठरल्याशिवाय आराखड्याचा कागद हातात घेऊ नका. एप्रिलच्या दुपारी चार वाजता घरातली सगळ्यात गार भिंत कुठली, ते थर्मामीटर घेऊन शोधा. आपल्या नाशिकमध्ये ऊब देणं हातात आहे. उष्णता काढणं मात्र बांधतानाच करावं लागतं.

हीटरबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण इथे जीव जाऊ शकतो. सिरॅमिक हीटरला आट्यांचा होल्डर लागतो, ई27 मापाचा. आपल्या घरात बहुतेक पिनांचे होल्डर असतात. बदलताना प्लास्टिकचा घेऊ नका, तो वितळतो. चिनीमातीचाच घ्या आणि वायर उष्णता सोसणारी घ्या. हीटरभोवती जाळीचा पिंजरा हवाच. तापलेल्या वस्तूवरून साप लगेच बाजूला होतोच असं नाही, त्याला नकळत खोल भाजतं. मी अंबडच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून पिंजरा करून घेतला, चार स्क्रूंनी छताला पक्का बसवला. पिंजऱ्याच्या कडा आधी कानशीने घासून घेतल्या, कारण गुंडी रात्री त्याच्यावर लोंबकळते.

थर्मोस्टॅट मी पहिल्यांदा स्वस्तातला घेतला आणि त्याचा पस्तावा आहे. जानेवारीच्या अखेरीस एका पहाटे वेगळ्या ठेवलेल्या थर्मामीटरचा अलार्म वाजला. गरम बाजू 41 अंश. थर्मोस्टॅटच्या पडद्यावर हीटर बंद असल्याची खूण दिसत होती आणि हीटर धगधगत होता. आतला रिले, म्हणजे वीज जोडणारा-तोडणारा स्विच, चिकटला होता. पेटी चार फूट लांब असल्यामुळे गुंडी दुसऱ्या टोकाला कौलाखाली जाऊन बसली होती, म्हणून वाचली. टबात असती तर तिला पळायला जागाच नव्हती. आता दोन थर्मोस्टॅट एकामागे एक जोडले आहेत. पहिला 32 वर चालतो, दुसरा 36 वर सगळं तोडतो. दोघांचे सेन्सर वेगळे आणि दोन्ही क्लिपने भिंतीला घट्ट. सुटा सेन्सर सापाच्या अंगाने सरकून गार जागी पडला, तर हीटर थांबणारच नाही.

पावसाळ्यात प्लायची चूक बाहेर आली. ऑगस्टमध्ये पाण्याच्या भांड्याखालचा कोपरा दाबला तर मऊ लागला. माती बाजूला केली तर तळाची कड वर आलेली, पापुद्रे सुटून वहीच्या पानांसारखे दिसत होते. पॉलिश करताना मिस्त्री काका म्हणाले होते, ‘ताई, प्लाय पाणी पितो ते कडेने. कडांना आधी दोन हात द्या, मग बाकीचं.’ मला घाई होती. मी सपाट बाजूंना तीन हात दिले आणि कडांवरून एकदाच ब्रश फिरवला. गुंडीला आठ दिवस जुन्या टबात ठेवून कोपरा घासला, वाळवला, कडांवर पॉलिश जिरेपर्यंत दिलं आणि तळाला अखंड सनमायका चिकटवला. सांधे पुन्हा सिलिकॉनने भरले. मग कुठे ओल थांबली. दुसऱ्यांदा बांधणार असाल तर तळाला सनमायका पहिल्या दिवसापासून लावा.

काचेची कथा थोडक्यात. दोन सरकत्या काचा, 5 मिलिमीटरच्या, टफन केलेल्या. त्या कापता येत नाहीत, म्हणून चॅनल बसवल्यावरच माप द्यायचं. वरचा चॅनल खालच्यापेक्षा खोल हवा, तरच काच वर उचलून बसवता येते. मी प्लास्टिकचा चॅनल गोंदाने चिकटवला होता. एका संध्याकाळी पाहिलं तर खालची पट्टी सुटून काच बाहेर झुकलेली आणि त्या फटीला गुंडीचं नाक लागलेलं. अजून तासभर गेला असता तर ती बाहेर असती, आणि आमच्या मजल्यावर पाच घरं आहेत, लहान मुलं आहेत. बिनविषारी असली तरी घाबरलेल्या माणसाच्या हातात काठी येते आणि साप मरतो. त्याच आठवड्यात ॲल्युमिनियमचा चॅनल स्क्रूने बसवला, शोकेसला असतं ते दात्यांचं कुलूप लावलं आणि दोन काचांमधल्या फटीत पारदर्शक पट्टी घातली. किल्ली आईकडे असते.

आतल्या मांडणीत मला सगळ्यात आनंद मिळाला. एवढी मोठी जागा मिळाल्यावर गुंडी खुश होईल असं वाटलं होतं, पण पहिले तीन आठवडे तिने खाल्लं नाही. बिळात राहणाऱ्या जिवाला मोकळं मैदान नको असतं. पंचवटीत एक जुना वाडा उतरवत होते, तिथून नळीची कौलं मागून आणली, उकळत्या पाण्याने धुतली. दोन कौलं गरम बाजूला, दोन थंड बाजूला, मध्ये वाळकी पानं आणि फांद्या. कौलाचा बाक तिच्या वेटोळ्यावर बेतून केल्यासारखा बसतो. पाठ वर टेकते तेव्हाच तिला सुरक्षित वाटतं. चौथ्या आठवड्यात खाल्लं. खाली धुतलेलं कोकोपीट आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे, रोपवाटिकेतून आणलेले. देवदाराचा भुसा घालू नका, त्याच्या तेलाचा सापांना त्रास होतो.

दमटपणा 55 ते 70 टक्क्यांत ठेवायचा. थंडीत आपल्याकडची हवा कोरडी, त्यात हीटर. पहिल्या दोन काती तुकड्यातुकड्यांत निघाल्या आणि एकदा शेपटीच्या टोकाला जुनी कातडी अडकली. ती कोमट ओल्या कपड्यात हळूहळू सोडवावी लागली. आता थंडीत माठाखाली ओलं शेवाळ ठेवते. पावसाळ्यात उलट, पाण्याचं भांडं लहान करते आणि सगळ्या जाळ्या उघड्या, नाहीतर कोकोपीटवर पांढरी बुरशी धरते.

नागपंचमीला आत्या दूध-लाह्या घेऊन आली होती. साप दूध पीत नाही हे तिला सांगितलं, तिने ऐकलं आणि लाह्या-फुलं काचेबाहेरच ठेवली. त्याच रात्री गुंडीने पहिल्यांदा अख्खी कात टाकली. सकाळी ती माठापासून कौलापर्यंत पसरलेली होती, उलटी झालेली, ओलसर. उजेडात धरली तर डोळ्यांवरचे दोन्ही पारदर्शक गोल जागच्या जागी होते. ती कात मी वहीत ठेवली आहे, तारखेसह.

खर्च सगळा मिळून 17,000 च्या आसपास गेला, त्यात दुरुस्तीचे अडीच हजार आले. प्लाय, काच आणि मिस्त्री काकांची मजुरी यांतच निम्म्याहून जास्त पैसे गेले. पैसे कमी असतील तर बाहेरचं पॉलिश राहू द्या, पण दुसरा थर्मोस्टॅट आणि कुलूप आधी घ्या.

या थंडीत एकच काम राहिलंय. गरम बाजूच्या छताला आतून अजून थोडी वाफ धरते आणि होल्डरच्या बाजूचा स्क्रू गंजायला लागला आहे. तिथे स्टेनलेसचा घालायचा आहे. सध्या गुंडीचे डोळे दुधाळ झाले आहेत, म्हणून कात निघेपर्यंत पेटीला हात लावत नाही.