रवांडातले तरुण मोजायचे तर: संयुक्त राष्ट्रांची फुकट आकडेसेवा कितपत कामाची?

रवांडात तरुणांची संख्या कोणत्या वेगाने वाढतेय हे शोधणारे बहुतेक जण शेवटी संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या विभागाच्या ‘वर्ल्ड पॉप्युलेशन प्रॉस्पेक्ट्स’पाशी येऊन थांबतात. हे परीक्षण जुलै २०२४ च्या आवृत्तीचं. २३७ देश-प्रदेश, १९५० ते २०२३ पर्यंतचे अंदाज, तिथून पुढे २१०० पर्यंतची प्रक्षेपणं, आणि एक्सेल फायली सरळ उतरवून घेता येतात. माल चोख आहे. पण त्यातला १५–२४ वयाचा तयार आकडा उचलला, तर रवांडापुरती फसगत ठरलेली.

मुळात तरुण कोणाला म्हणायचं इथेच गोची आहे. संयुक्त राष्ट्रांच्या लेखी १५ ते २४. रवांडाच्या युवा धोरणात १६ ते ३०. आफ्रिकन युवा सनदेत (बांजुल, २००६) १५ ते ३५. पाच-पाच वर्षांच्या गटांच्या फाइलमधून १६–३० निघतच नाही. मग लोक २०–२९ चे सगळे, १५–१९ चे चार पंचमांश आणि ३०–३४ चा एक पंचमांश घेऊन वेळ मारून नेतात. दर वर्षी जन्मणारी पिढी सारख्याच आकाराची असेल तर हे खपतं. रवांडात १९९४ चा नरसंहार झाला, त्या सुमाराला जन्मलेली पिढी संख्येने लहान राहिली आणि तिच्यामागून २००० च्या आसपासची मोठी पिढी आली. १६–३० गटाची वाढ म्हणजे खालून आत येणारे वजा वरून बाहेर पडणारे. १९९४ ला जन्मलेले २०२५ मध्ये ३१ वर्षांचे होऊन गटाबाहेर गेले, म्हणजे नेमक्या या वर्षांत बाहेर जाणारे कमी. ही खाच पाच वर्षांच्या गटात पार बुजून जाते.

म्हणून एकेका वयाची फाइल घ्यावी, स्त्री-पुरुष एकत्र असलेली. आकडे १ जुलैचे असतात. वरच्या १६ ओळी नुसत्या माहितीच्या, कॉलमांची नावं १७ व्या ओळीत. फिल्टर तिथेच लावायचा. देशाच्या नावापेक्षा संकेतांकाने शोधणं बरं, रवांडाचा ६४६. मग १६ पासून ३० पर्यंतच्या कॉलमांची बेरीज. हे १५ कॉलम होतात, १४ नव्हे. ३० मधून १६ वजा करून थांबणारे थोडे नाहीत. आकडे हजारात आहेत. २०२४ ची एकूण लोकसंख्या १४२५६ च्या पुढे दशांश चिन्ह देऊन दिसते, ती १ कोटी ४२ लाखांच्या घरात समजावी. दशांशानंतरचे तीन अंक पाहून माणूस न् माणूस मोजल्याचा भास होतो. तो भासच.

२०२३ पर्यंतचं एका शीटवर आणि २०२४ पासूनचं दुसऱ्या, मध्यम प्रक्षेपणाच्या शीटवर असतं. दोन्ही जोडल्याशिवाय मालिका पुरी होत नाही. सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी आकडे वेगळे केलेला साधा मजकूर) तर एक्सेलमध्ये उघडूच नये: एकेका वयाच्या फाइलमध्ये वीस लाखांहून जास्त ओळी, आणि एक्सेलची मर्यादा १०,४८,५७६. उरलेल्या ओळी गळतात आणि रवांडा अर्धवट हाती येतो.

वाढीचा दर काढताना होणारी चूक जनगणनेच्या आकड्यांवर नीट दिसते. २०१२ मध्ये १,०५,१५,९७३ आणि २०२२ मध्ये १,३२,४६,३९४. एकूण वाढ साधारण २६ टक्के. तिला सरळ दहाने भागलं की वर्षाला २.६ येतात, आणि २००२–२०१२ चा दरही २.६ च होता, म्हणजे वेग तसाच, असा निष्कर्ष निघतो. चक्रवाढीचा हिशेब राहून गेला. दोन आकड्यांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉग (एक्सेलमधलं LN) घेऊन दहाने भागा, २.३ मिळतील. वेग खरोखर मंदावलाय. तरुणांच्या गटाचा दरही असाच काढायचा.

उच्च आणि निम्न जननदराची प्रक्षेपणं निवडण्यात वेळ घालवू नये, निदान या कामासाठी. दोन्हींत मध्यम प्रक्षेपणापेक्षा दर स्त्रीमागे अर्ध्या मुलाचा फरक धरलेला असतो आणि तो २०२४ नंतरच्या जन्मांनाच लागू पडतो. ती मुलं १६ वर्षांची होईपर्यंत २०४० उजाडेल. तोवरचे तरुण आधीच जन्मलेले आहेत. आकडा चुकलाच तर जननदरात नव्हे, बहुधा स्थलांतरात चुकेल.

जुन्या आवृत्त्यांपेक्षा ही सेवा सुधारलीय हे मान्य करावं लागतं. २०२२ च्या आवृत्तीपासून हिशेब वर्षागणिक होतो, म्हणून १९९४ चं अपेक्षित आयुर्मान १५ वर्षांच्याही खाली कोसळलेलं दिसतं. आधी पाच वर्षांच्या सरासरीत हा कडा उताराएवढा दिसायचा. जनगणनेशी मेळ मात्र पूर्ण बसत नाही. २०२२ च्या आवृत्तीत त्या वर्षाची लोकसंख्या १.३८ कोटींच्या जवळ होती, मोजणीत भरली १.३२ कोटी. म्हणून एक टोक जनगणनेचं आणि दुसरं प्रक्षेपणाचं धरून दर काढू नये. मधली तफावतच वाढ म्हणून मिरवते. आवृत्त्यांची सरमिसळही नको, कारण प्रत्येक नव्या आवृत्तीत १९५० पासूनचे आकडे पुन्हा बेतले जातात.

सर्वांत मोठी उणीव म्हणजे देशाच्या आत काहीच दिसत नाही. ३० जिल्ह्यांपैकी एकाचाही आकडा नाही. किगाली शहर २०१२ ते २०२२ मध्ये ११,३२,६८६ वरून १७,४५,५५५ वर गेलं; देश २६ टक्क्यांनी वाढत असताना राजधानी ५४ टक्क्यांनी. किगालीत वसतिगृह, प्रशिक्षण केंद्र किंवा भाड्याच्या खोल्यांचं गणित मांडणाऱ्याने गासाबो, किचुकिरो आणि न्यारुगेंगे या तीन जिल्ह्यांचे वयवार तक्ते रवांडाच्या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेच्या जनगणना अहवालांतून घ्यावेत. त्यात ० आणि ५ वर संपणारी वयं फुगलेली दिसू शकतात, कारण वय विचारल्यावर लोक ठोकळ आकडा सांगतात. तिथे ३० हे एकच वय गटात धरलं की नाही, यानेच बेरीज हलते.