टॉपिंग लिफ्ट कुठून ओढावी: बूमच्या टोकापासून की डोलकाठीच्या पायथ्यापासून?

टॉपिंग लिफ्ट म्हणजे बूमचे, म्हणजे शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याचे, मागचे टोक वरून तोलून धरणारी दोरी. शिडाच्या १८-२० फुटी नावेवर ती बसवताना माझ्या मते दोनच पद्धतींचा गंभीरपणे विचार करावा. एकीत दोरीचे वरचे टोक डोलकाठीच्या माथ्याला कायमचे बांधलेले असते आणि तिचा ताण बूमच्या मागच्या टोकावरील क्लीटवर (दोरी अडकवायच्या खुंटीवर) कमी-जास्त केला जातो. दुसरीत ती बूमच्या टोकाला पक्की असते, माथ्यावरच्या कप्पीवरून खाली येते आणि डोलकाठीच्या पायथ्याशी अडकवली जाते. बूम डोलकाठीला मागून धरणाऱ्या ताणतारेला आकड्याने टांगण्याची युक्ती नांगरावर उभे असताना ठीक आहे, पण आकडा काढायला विसरून शीड चढवले आणि झुळूक आली तर बूमला बाजूला सरायला वावच राहत नाही, म्हणून ती मी सोडून देतो. बूमला खालून उचलून धरणाऱ्या स्प्रिंगच्या वँगने काम उत्तम होते; एवढ्याशा नावेसाठी तो खर्च करावा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.

पहिल्या पद्धतीचा मोह समजण्यासारखा आहे. आठ मीटरच्या डोलकाठीला सहा मिलिमीटरची नऊ-दहा मीटर दोरी पुरते, माथ्यावर वेगळी कप्पी लागत नाही, आणि बूम मध्यावर असताना सुकाणूचा दांडा न सोडता डोक्यावरच्या क्लीटला हात पोचतो. गोव्यातल्या दोनापावलाच्या उपसागरात तास-दोन तास फिरून परतणाऱ्याला एवढे पुरेसे आहे, आणि मीही तीन हंगाम याच पद्धतीने काढले.

मग डिसेंबरातल्या एका दुपारी आग्वादच्या बाहेर खारे वारे अंदाजापेक्षा लवकर जोर धरू लागले. रीफ घेण्यासाठी, म्हणजे शीड खालून आवळून लहान करण्यासाठी, मी लिफ्ट ताणून बूम उचलली, रीफ बांधला, आणि लिफ्ट सैल करायची राहून गेली. मांडवीच्या मुखाकडे वळून मेनशीट (बूम आत ओढायची दोरी) सोडल्यावर चूक लक्षात आली: बूम वरच अडकलेली, शिडाची झोळी झालेली, लीचचा, म्हणजे शिडाच्या मागच्या कडेचा, वरचा भाग उघडा पडून नुसता फडफडत होता. क्लीट मात्र बूमच्या टोकावर, म्हणजे नावेच्या कडेबाहेर पाण्यावर! ती हाताशी आणायची तर संपूर्ण मेनशीट ओढून घ्यावी लागली असती किंवा नाव पुन्हा वाऱ्याच्या तोंडावर न्यावी लागली असती, आणि मागून लाटा येत असताना ते एकट्याने करणे माझ्या जिवावर आले. तसाच मिरामारपर्यंत आलो. नुकसान काहीच झाले नाही, पण चार हातांवरची दोरी सोडता येत नाही ही चिडचिड पुढे कितीतरी दिवस मनातून गेली नाही.

त्या वर्षी आगोटीला नाव वर ओढून डोलकाठी आडवी केली, तेव्हा माथ्यावर जास्तीची कप्पी बसवून घेतली. दोरी सतरा-अठरा मीटर लागली. आता हॅलयार्ड (शीड चढवायची दोरी), रीफचा आकडा आणि लिफ्ट असे सगळे एकाच जागी असल्यामुळे लिफ्ट ताणणे, हॅलयार्ड उतरवणे, रीफ अडकवणे, पुन्हा हॅलयार्ड चढवणे आणि शेवटी लिफ्ट सोडणे हे उभ्या जागी ओळीने होते. बूम कुठेही असली तरी फरक पडत नाही. शिवाय मुख्य हॅलयार्ड तुटलेच तर ही दोरी त्याच्या जागी वापरता येते.

तोटे आहेत, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. दोरी हातातून सुटली तर बूम थेट डोक्यावर येते, म्हणून शेपटाला आठाची गाठ हवीच. रात्री नांगरावर दोरी डोलकाठीवर टकटक करत राहते. तिला बाजूच्या ताणतारेकडे ओढून बांधावे लागते. सुकाणू सोडून पुढे जावे लागते, हे तर उघडच आहे. सोबतीला कायम कोणी असेल तर कदाचित पहिली पद्धतच आपल्याला सोयीची वाटेल.

पद्धत कोणतीही असो, पूर्ण चढवलेल्या शिडावर मेनशीट घट्ट ओढून लिफ्ट इतकी सोडावी की लीचवर तिचा भार मुळीच येणार नाही आणि दोरी चार बोटे ढिली राहील. त्याहून जास्त ढिली ठेवली की नाव वळताना ती बॅटनच्या, म्हणजे शिडातल्या ताठ पट्टीच्या, टोकात अडकते आणि लीचची शिवण घासते. खालच्या भागात हातभर रबरी दोरी जोडली तर ती हा ढिलेपणा ओढून घेते. नेमकी जागा सापडली की क्लीटपाशी दोरीत लाल दोऱ्याची खूण शिवून ठेवावी, आणि गोव्याच्या उन्हात ती विटून जाते म्हणून दर हंगामाच्या सुरुवातीला नव्याने शिवावी.