कोकण किनाऱ्यावर दोन माणसांचा टेंट : दिवाळीपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंतचा अनुभव

दिवाळीत घेतलेला हा टेंट मी पार मे अखेरपर्यंत केळशी, वेळणेश्वरपासून खाली भोगव्यापर्यंत वापरला. दोन माणसांचा, घुमटाच्या आकाराचा. आत जाळीची खोली, वर वेगळा फ्लाय, म्हणजे पाऊस अडवणारं बाहेरचं कापड. ॲल्युमिनियमचे पोल, सगळं धरून सव्वादोन किलो. सह्याद्रीतल्या टेंटबद्दल भरपूर वाचायला मिळतं, पण किनाऱ्याचं गणित वेगळं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

टेंट घेताना सगळे आधी विचारतात, "वॉटरप्रूफ किती?" माझ्या फ्लायवर 2000 मिलिमीटर लिहिलंय. म्हणजे कापडावर 2 मीटर उंच पाण्याचा दाब आला तरी ते झिरपत नाही. कोकणात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्याच्याशी या आकड्याचा काही संबंध नाही. मे मधल्या वळवाच्या सरीत थेंबही आत आला नाही. तेवढं पुरतं, कारण ऐन पावसाळ्यात किनाऱ्यावर टेंट टाकून राहूच नये.

इथे खरा कस लागतो तो दमट हवेत. जानेवारीत वेळणेश्वरला पहाटे फ्लायला आतून हात लावला तर तळवा ओलाचिंब. आकाश निरभ्र असलं की वरचं कापड हवेपेक्षाही गार होतं आणि हवेतली, आपल्या श्वासातली वाफ त्यावर दव होऊन धरते. मधे जाळी असल्यामुळे ते पाणी कडेने ओघळून गेलं, स्लीपिंग बॅग कोरडी राहिली. शेजारी मित्राचा एकाच कापडाचा, झटकन उघडणारा टेंट होता. तो बिचारा पहाटेपासून छताचे थेंब पुसत बसला होता. स्वस्त मिळतो म्हणून तसला टेंट कोकणासाठी अजिबात घेऊ नका. सुरूच्या बनात, झाडांच्या आडोशाला लावला तर दव बरंच कमी पडतं. माडाखाली मात्र कधीच नाही. नारळ राहू दे, वाळलेली झावळ पडली तरी पोल मोडतो, आणि आत माणूस असतो.

दारं दोन हवीत, समोरासमोर. दिवसभर खारा वारा समुद्राकडून येतो, रात्री उशिरा तो उलटतो आणि मतलई सुरू होते. एका बाजूला दार असेल तर अर्धी रात्र उकाड्यात जाते. मी एक दार समुद्राकडे, दुसरं डोंगराकडे ठेवतो आणि दोन्हीकडचा फ्लाय गुंडाळून वर बांधतो. मार्चनंतर तर याशिवाय झोपच नाही. जाळीची वीण बारीक आहे ना, तेही बघून घ्या. पुळणीवरचे बारीक किडे साध्या मच्छरदाणीतून आरामात आत येतात.

आता खुंट्या. सोबत आलेल्या बारीक खुंट्या वाळूत टिकत नाहीत, संध्याकाळचा वारा सुटला की एकेक उपटून येते. त्यावर उपाय वाडीतच पडलेला असतो : नारळाचं सोडण, म्हणजे वरचं काथ्याचं साल. त्याच्या मधोमध दोरी बांधायची, हातभर खड्ड्यात आडवं पुरायचं, ओली वाळू दाबून बसवायची. मग दोरी कितीही ओढा, हलत नाही. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर उलट अडचण, जांभ्या दगडात खुंटी शिरतच नाही. तिथे पोलवर आपला आपण उभा राहणारा टेंटच कामाचा. दोऱ्या दगडांना बांधायच्या. पण रत्नागिरी, राजापूरकडच्या ज्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, तिथला एकही दगड हलवू नका आणि टेंटही लावू नका.

जागा निवडताना भरतीची रेघ बघा, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं म्हणून त्याहून बरंच वर राहा. वाडी कुणाची आहे ते विचारून परवानगी घ्या. वेळास, आंजर्ल्याला ऑलिव्ह रिडले कासवं साधारण नोव्हेंबर ते मार्च अंडी घालायला येतात. त्या दिवसांत पुळणीवर टेंट आणि टॉर्च दोन्ही नको. उजेडाने पिल्लं समुद्राऐवजी भलतीकडे जातात.

खाऱ्या हवेचा पहिला फटका चेनला बसतो. दोन-तीन महिन्यांत रनर अडकायला लागला. तेव्हापासून प्रत्येक वेळी घरी आल्यावर चेन गोड्या पाण्याने धुतो, सुकवतो आणि मेणबत्ती फिरवतो. आता व्यवस्थित चालते. फ्लायच्या एका शिवणीवरची पट्टी मात्र एप्रिलमध्येच सुटू लागली. दुकानदाराने "वापरामुळे झालंय" म्हणून हात वर केले. या किमतीत ते पटण्यासारखं नाही. शेवटी मीच शिवणीचा गोंद लावला.

सध्या टेंट पिशवीत कोंबलेला नाही, सुती चादरीत सैल गुंडाळून माळ्यावर आहे. इथल्या पावसाळ्यात ओलसर राहिला तर आतला लेप चिकट होऊन पापुद्रे सुटतात, वर बुरशी आणि कुबट वास. उघडीप मिळाली की पडवीत पसरून हवा देतो. घ्यायला जाल तेव्हा दुकानातच पूर्ण उभा करायला लावा, आत आडवे होऊन बघा आणि प्रत्येक शिवणीवरून बोट फिरवा.