पायऑटोजीयूआय : माउस हलतो छान, माहितीपत्रक मात्र आपणच लिहायचं

सांगलीच्या मार्केट यार्डात हळद-बेदाण्याच्या कितीतरी अडत दुकानांत पट्टी (शेतकऱ्याला द्यायचा विक्रीचा हिशोब) काढायचा प्रोग्राम विंडोजवरचा, जुना आणि बंदिस्त असतो. बाहेरून डेटा आत घालायची सोय नाही. असल्या प्रोग्रामवर एआय एजंट, म्हणजे एआय मॉडेलच्या सांगण्यावरून संगणकावर कामं करणारा प्रोग्राम, बसवायचा तर बहुतेकदा वाट एकच उरते. स्क्रीनशॉट मॉडेलला दाखवायचा, ते सांगेल त्या बिंदूवर माउस न्यायचा आणि क्लिक करायचं. पायथॉन भाषेची पायऑटोजीयूआय ही लायब्ररी हे शेवटचं काम करते. मुक्तस्रोत, फुकट, पिपने (पायथॉनच्या लायब्ररी बसवायच्या हुकमाने) एका ओळीत बसणारी.

मूव्हटू, क्लिक, डबलक्लिक, ड्रॅगटू, स्क्रोल एवढी पाच फंक्शनं माउसच्या कामाला एजंटाला पुरतात. वरचा डावा कोपरा म्हणजे ०, ०. एक्स उजवीकडे वाढतो, वाय खाली. इथवर सोपं. गोंधळ पुढे आहे, आणि तो लायब्ररीपेक्षा जास्त आपल्या जोडणीत असतो.

पहिली ठेच निर्देशांकांची, म्हणजे बिंदूच्या एक्स-वाय आकड्यांची. १९२० × १०८० चा स्क्रीनशॉट मॉडेलला देताना सहसा लहान करून १२८० × ७२० वर आणतात. मॉडेल (६४०, ३००) म्हणालं तर माउस (९६०, ४५०) वर जायला हवा, म्हणजे दोन्ही आकडे दीडपट. हा गुणाकार कुठे होतो ते टूलच्या वर्णनात, म्हणजे हे साधन कसं वापरायचं ते मॉडेलला सांगणाऱ्या मजकुरात, लिहिलं नाही, तर कोड आणि मॉडेल दोघेही तो करून बसतात, किंवा दोघेही विसरतात. त्यातच लॅपटॉपचं डिस्प्ले स्केलिंग (अक्षरं-बटणं मोठी दाखवायची सोय) १२५ टक्के असलं की आणखी एक भानगड. पायऑटोजीयूआय विंडोजला स्वतःच कळवते की मला खरे पिक्सेल हवेत. पण स्क्रीनशॉट दुसऱ्याच प्रोग्रामने काढला आणि त्याने तसं कळवलं नसेल, तर त्याच्या लेखी तोच स्क्रीन १५३६ × ८६४ चा. मग वरच्या डाव्या कोपऱ्याजवळची बटणं नीट लागतात आणि उजवीकडे किंवा खाली जाईल तसा नेम जास्त चुकत जातो. ही खूण दिसली की मॉडेलला दोष देऊ नका, स्केलिंग बघा.

दुसरं, डबलक्लिक. एजंट प्रत्येक क्रियेनंतर स्क्रीनशॉट मागतो. त्याने दोन सुटे क्लिक पाठवले तर मध्ये विंडोजची ५०० मिलिसेकंदांची मुदत टळून जाते. फाइल उघडायच्या ऐवजी कधी तिचं नाव बदलायची चौकट उघडते. डबलक्लिक ही वेगळी क्रिया म्हणूनच द्या.

स्क्रोलच्या बाबतीत अधिकृत दस्तऐवज फारच मोघम आहे. आकडा ‘क्लिक’मध्ये असतो आणि त्याचं माप प्रणालीनुसार बदलतं, एवढं सांगून विषय संपतो. विंडोजवर चाकाचा एक खटका १२० चा. स्क्रोल(-३) लिहिलं तर पान जवळपास हलतच नाही; तीन खटके खाली जायला -३६० लागतात. ड्रॅगला ०.५ सेकंद तरी कालावधी द्या, नाहीतर माउस उडी मारतो आणि बऱ्याच प्रोग्रामना ओढलेलं कळतच नाही.

फेलसेफ मात्र मनापासून आवडावा असा. माउस मुख्य स्क्रीनच्या कोणत्याही कोपऱ्यात ढकलला की पुढच्या हुकमाला स्क्रिप्ट थांबते. प्रत्येक हुकमानंतर ०.१ सेकंद विश्रांती ठरलेली असते, ती याचसाठी. एजंट कधी स्वतःच (१९१९, ० ) वर, म्हणजे वरच्या उजव्या कोपऱ्यात, जाऊन विंडो बंद करू बघतो आणि अडकतो. तेवढ्यावरून फेलसेफ बंद करू नका. आलेला बिंदू कडेपासून पाच पिक्सेल आत घ्या. पट्ट्यांची खरी बिलं हातात असताना हा ब्रेक हवाच.

मराठी नावं टाइप करायच्या राइट फंक्शनने टाइप होत नाहीत. क्लिपबोर्डवर घेऊन कंट्रोल-व्ही करावं लागतं. प्रोग्राम युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांसाठीच्या सामायिक अक्षरसंकेताच्या) आधीचा असेल तर शेतकऱ्याच्या नावाजागी प्रश्नचिन्हं उमटतात. तिथे माउस काय करणार! आणि टॅलीसारख्या हिशोबाच्या प्रोग्रामवर मुळात माउस वापरूच नये. तिथली कामं कीबोर्डच्या कळांनी होतात, आणि कळेचा नेम चुकत नाही.

दोन मॉनिटर असतील तर भरवसा फक्त मुख्यावर. दुसरा डावीकडे असला की त्याचे आकडे उणे होतात. ॲडमिन म्हणून चालवलेल्या प्रोग्रामवर क्लिक पडतो पण परिणाम शून्य, कारण विंडोज कमी अधिकाराच्या प्रोग्रामचा इनपुट वर जाऊ देत नाही. रिमोट डेस्कटॉपची विंडो मिनिमाइझ केली किंवा स्क्रीन लॉक झाला की पलीकडे बघायला काही उरत नाही. लिनक्सवर स्क्रीन दाखवायच्या दोन पद्धतींपैकी एक्स११ हवी, वेलँड चालत नाही.

दस्तऐवज स्क्रिप्ट लिहिणाऱ्या माणसासाठी चांगला आहे. पण स्क्रीनशॉट बघून चालणाऱ्या मॉडेलला तोच जसाच्या तसा दिला तर वरचं निम्मंअधिक सुटतं. टूलच्या वर्णनात निदान एवढं हवं : निर्देशांक कोणत्या मापाच्या चित्रातले, स्क्रोलचा एक म्हणजे किती खटके, फेलसेफ लागला तर एजंटाने पुन्हा प्रयत्न न करता थांबायचं, आणि प्रत्येक क्लिकनंतर नवा स्क्रीनशॉट घ्यायचा. पहिली चाचणी खऱ्या पट्टीवर नको; पेंट उघडून चार कोपऱ्यांजवळ आणि मध्यभागी पाच ठिपके काढायला लावा, कुठला सरकला ते लगेच दिसतं.