इंडक्शन शेगडी आणि तिचा जाड प्लग: पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंतचा अनुभव

शेगडी कशी आहे ते नंतर, आधी तिचा प्लग. २००० वॅटची आहे, म्हणजे पूर्ण जोरावर जवळपास पावणेनऊ अँपिअर ओढते. म्हणून कंपनीने जाड पिनांचा, १६ अँपिअरवाला प्लग दिलाय. नियमाने बरोबरच आहे. पण इंदूरहून निघून चोरल, महू, मांडूकडे स्वयंपाक आपला आपण करायच्या बोलीवर जी घरं मिळतात, तिथे ओट्यावर मिक्सरपुरता बारीक पॉइंट असतो. जाड पॉइंट फक्त गिझरला आणि एसीला!

फोनवर विचारलं की मालक म्हणतात, "हां मॅडम, किचन पूरा है." पूरा म्हणजे ओटा, नळ आणि एक सांडशी.

चोरलला आमचं वरण बेडरूममध्ये शिजलं. एसीचा पॉइंट वर भिंतीला, शेगडीची वायर तोकडी. म्हणून शेगडी कपाटावर आणि हे खुर्चीवर उभे राहून शिट्ट्या मोजतायत. दीर म्हणाले कन्व्हर्टर लावू, म्हणजे जाड प्लग बारीक पॉइंटात बसवायचा तो जोड. लावला, तर थोड्या वेळात जळक्या प्लास्टिकचा वास. बारीक पॉइंट ६ अँपिअरचा असतो, त्याला हा भार झेपत नाही. ते कन्व्हर्टर विकत घेऊच नका.

एवढी कटकट करण्यापेक्षा ढाब्यावर जेवा, असं सासूबाईंचं मत. पण चालायला जायचं तर उजाडता निघावं लागतं, आणि त्या वेळी खेड्यात पोहे कोण देणार? जानापाव ८५४ मीटरचा, फार मोठा डोंगर नाही, चंबळ तिथेच उगम पावते. पण रिकाम्या पोटी चढताना मुलं दर वळणावर बसतात. पाताळपाणीहून २०१८ पासून मीटरगेजची हेरिटेज गाडी धावते, तिने काळाकुंडला उतरलात की पळसाच्या पानावर कलाकंद मिळतो. उत्तम असतो, पण त्यावर दिवस निघत नाही. शिवाय चौघांचं दोन वेळचं बाहेरचं जेवण म्हणजे घरभाड्याएवढाच खर्च. मग स्वयंपाकघराचे जादा पैसे कशाला मोजायचे?

एवढं पावसाळ्यात लिहून ठेवलं होतं, दोन तारे देऊन. नंतर इंदूरच्या महाराणी रोडवरून जाड वायरचं १६ अँपिअरचं एक्स्टेंशन घेतलं. महाग पडलं, पण शेगडी ओट्यावर आली आणि माझं मत जरा बदललं. खिचडीला टायमर लावून आंघोळीला जाता येतं. दूध कमी आचेवर ठेवलं की उतू जात नाही. मात्र ही मंद आच म्हणजे थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद. भुट्ट्याच्या किसाला सारखं ढवळावं लागतं. बाफले, म्हणजे कणकेचे गोळे, उकडून होतात, भाजायला गोवऱ्याच हव्यात. घरची ॲल्युमिनियमची कढई आणि जुना कुकर तिच्यावर चालत नाहीत, चुंबक चिकटेल तीच भांडी न्या. गावात संध्याकाळी व्होल्टेज उतरलं की बीप-बीप करून बंद पडते, तेव्हा रात्रीचं वरण दुपारीच लावून टाका.

दसऱ्यानंतर पंखा थांबला. वॉरंटी होती. सर्व्हिस सेंटरवाल्याने उघडून आत मेलेलं झुरळ दाखवलं आणि म्हणाला, "कीड़े का डॅमेज कव्हर नहीं होता." अरे भिया, खाली एवढी मोठी उघडी फट तुम्हीच ठेवलीत, झुरळाने काय दार वाजवून यायचं? बरीच हुज्जत घातल्यावर मजुरी माफ झाली, पंख्याचे पैसे घेतलेच. आता शेगडी जुन्या उशीच्या अभ्र्यात बांधून ठेवते.

हिवाळ्यात मांडूला नेली. सागर तलावापासून रूपमती मंडपापर्यंत पायी, वाटेत खुरासानी चिंचेची ती फुगलेल्या खोडांची झाडं, परतल्यावर गरम आमटी-भात. त्या घरात ओट्यावरच जाड पॉइंट होता! मी मालकांना पुढच्या सुट्टीचंही तिथेच बुकिंग देऊन आले.

आता तीन तारे. घरी वापरायची असेल तर बिनधास्त घ्या. अशा मुक्कामांसाठीच हवी असेल तर १२०० वॅटची, बारीक पिनांची बघा; ती सव्वापाच अँपिअर घेते. आमच्या दुकानात तेव्हा ती नव्हती आणि हिच्यावर सूट होती. वरण थोडं उशिरा शिजेल, पण ओट्यावर शिजेल. आणि घर ठरवताना "किचन आहे का" विचारू नका, ओट्यावरच्या पॉइंटचा फोटो मागवा.