परदेशी खेळाडू: पासपोर्ट मोजायचा की तालीम?

बेळगावात टिळकवाडीच्या लेले मैदानावर पोरांचा फुटबॉलचा सराव बघताना हा विषय हमखास निघतो. परदेशी खेळाडूंना आवर घालायचा, पण कशाच्या आधारे?

आपल्या आयएसएलने, म्हणजे इंडियन सुपर लीगने, पासपोर्ट धरला. 2014 साली एका संघाचे सहा परदेशी एकाच वेळी मैदानात उतरू शकत. 2017-18 पासून पाच, 2021-22 पासून चार. हिशेब सरळ: अकरांत सात जागा भारतीयांच्या. पण त्या कुठल्या? गोल मारायची जागा बहुतेक परदेशी स्ट्रायकरकडेच राहते, आणि आपलं पोर विंगवर (कडेला) नाहीतर बॅकला (बचावात) जातं. मला हे फार लागतं.

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये तालीम बघतात, म्हणजे खेळाडू कुठं घडला ते. 25 जणांच्या यादीत 'होमग्रोन' नसलेले जास्तीत जास्त 17. एकविसाव्या वर्षाच्या आसपासपर्यंत तीन हंगाम इंग्लंड-वेल्सच्या क्लबात नोंदणी असली की झालं, पासपोर्ट कुठलाही असो. मिडफिल्डर फॅब्रेगास स्पेनचा, पण सोळाव्या वर्षी लंडनच्या आर्सेनल क्लबला आला म्हणून तिथला ठरला. (वर्क परमिटची चाळणी वेगळी.)

माझा कौल तालमीला. माणूस कुठं घडला हे सीमाभागात आम्हाला कुणी समजवायला नको. मात्र तो नियम अकादमी असलेल्या देशात चालतो. बेळगावातल्या बारा वर्षांच्या पोराला रोजचा प्रशिक्षक मिळेपर्यंत चारची मर्यादा राहूच दे.